बाबांचा उरलेला शब्द

प्रिय दादा,

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली. एकच शब्द उरलाय, ‘जा’. पाणी हवं असलं तरी ‘जा’, आई उशाशी बसली तरी ‘जा’.

आई म्हणते, “विद्यापीठात एवढं भाषाविज्ञान शिकतेस, मग सांग ना, काय म्हणतायत?”

“आई, त्या शब्दाला आता अर्थ नाही. नुसता जिभेवर राहिलाय.”

दुसरे शब्द परत येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

काल मी त्यांच्या हातात तुझा फोटो दिला. बाबांनी तो छातीशी धरला, रडले आणि म्हणाले, “जा.” तुला घराबाहेर काढताना म्हणाले होते, अगदी तसंच.

दादा, मी हेच शिकते, तरी ते ऐकून मीच खोलीबाहेर पळाले. हे वाचून तू येशील आणि दारातच ‘जा’ ऐकशील, तेव्हा माझं कुठलं समजावणं तुला परत फिरताना थांबवेल? म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझीच,
छोटी