डाव्या पुडीची कणीक

बाबा, तुमची ती कॅसेट आता मोबाईलमध्ये आली आहे. तुमच्या नातीने मला भारीतले हेडफोन आणून दिले, कारण इतकी वर्षं मी प्रत्येक यंत्राच्या नावाने एकच रडगाणं गात आले: खर्ज फाटतो. पहिल्या पगारातून घेतलेल्या रेकॉर्डिंगवाल्या वॉकमनमध्ये फाटला, मग बोटाएवढ्या प्लेअरमध्ये, मग मोबाईलमध्येही. पखवाजाची उजवी बाजू स्वच्छ, आणि डावीवर तुमची थाप पडली की सैल पत्रा थरथरावा तसं.

घाटकोपरच्या आपल्या चाळीतला तो गुरुवार. भजनाआधी तुम्ही नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात पुढे करता. पखवाजाच्या डाव्या पुडीला, तिथल्या चामड्यावर लावायला कणीक हवी असते, नुसत्या पाण्यात भिजवलेली, म्हणजे घट्ट चिकटून राहते. तिच्यामुळेच पखवाज घुमतो. आई गावी गेलेली, म्हणून गोळा मी देते. "ताजी मा गो, बाय?" तुम्ही विचारता. "हो बाबा, आत्ताच भिजवली," म्हणत मी वॉकमनवर नवी कॅसेट चढवायला पळते. तुमचं भजन मी पहिल्यांदाच टेप करणार असते.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत तुमच्या कानांना हेडफोन लावले. पहिला अभंग तुम्ही मान डोलवत ऐकलात. दुसऱ्याला कपाळावर आठी आली. मी बास वाढवायचं बटण सरकवलं, तर आणखीच वाट लागली. तुम्ही हेडफोन काढून माझ्या हातात दिलेत. "मशीनचो दोष गो बाय, तुझो नाय." मला रडू फुटलं. "तुम्हाला माझ्या कशाचं कौतुकच नाही," असं ओरडले, आणि पुन्हा कधी तुमचं वादन टेप केलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या हाताचा तेवढाच आवाज उरला होता, आणि तोही फाटका.

परवा तुमची नात म्हणाली, "आई, मशीनला उगाच बोलतेस यार तू. कायम आजोबा गातात तो दुसरा अभंगच लावतेस. पहिला ऐक ना! बास एकदम झकास आहे. रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही, तिथे पखवाजावरच काहीतरी सुटलंय."

मी पहिला अभंग लावला, मग दुसरा, आणि हेडफोन काढून ठेवले. भजनानंतर कणीक खरवडून काढताना तुमच्या बोटांना कळलंच असणार. "तुझो नाय" म्हणालात तेव्हा मी मनात म्हटलं होतं, माझा दोष आहे असं म्हणतंय कोण?

हे तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. कणीक ताजी नव्हती, बाबा. चपात्यांची उरलेली, तेलाचा हात लावलेली होती. नखांना नुकतंच पॉलिश लावलं होतं मी.