गार पाण्यातली कॉफी

आकुर्डी, ११ मे १९७४

ती. अक्का,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. आईचा दमा कसा आहे? मी मजेत आहे.

सध्या चहा बंद, गार कॉफी चालू. खोलीतला शेट्टी गावी जाताना कॉफीची पूड ठेवून गेलाय. सकाळी ती बरणीत गार पाण्यात भिजत घालतो, संध्याकाळी तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळतो. पिळत नाही, थेंबथेंब गळू देतो. अजिबात कडू होत नाही. गूळ घातला की झकास!

रॉकेल आहे गं. पण स्टोव्हला पंप मारायला दोन हात लागतात, आणि उजवा कंपनीत मशीनमध्ये सापडला. बोटं पाचही शाबूत आहेत. हे अक्षर डाव्या हाताचं.

आईला वाचून दाखवशील तेव्हा गुळापाशी थांब.

तुझा,
ज्योतीराम