बँकेच्या दारावरचे पणजोबा

हॅदरक्लफ,
मंगळवार, १२ एप्रिल २००५

तीर्थरूप विनिफ्रेड आत्या,

सादर नमस्कार. समुद्राच्या हवेने तुझा गुडघा बरा झाला असेल असं धरून चालतो. झाला नसेल तर कळव, म्हणजे यापुढे तसं धरून चालणार नाही. बाबा ठीक आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. शनिवारी सकाळी नवा चष्मा मिळेल, आणि तो लावून सगळ्यात आधी बँकेच्या दारावरचा आपल्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, चेहरा बघायचाय, असं ते दिवसातून तीनदा सांगतात.

बँक बंद होऊन दोन वर्षं झाली, पण इमारत बाजारचौकात अजून अशा रुबाबात उभी आहे, की समोर मटण घ्यायला निघालेला माणूससुद्धा नकळत शर्टाची वरची गुंडी लावतो. शनिवारी आमचं इतिहास मंडळ तिथे पाटी बसवतंय. मजकूर मी लिहिला : ‘दारावरील पाषाणमस्तक पहिले व्यवस्थापक जोसाया थॉर्नली यांचे.’ (आधार काय, असं मी स्वतःलाच विचारलं होतं. आपल्या घरातला प्रत्येक पुरुष तिथून जाताना टोपी काढतो, हा आधार मला तेव्हा पुरेसा वाटला. तसं मी वहीत नोंदवलंही आहे. आता ते पान वाचवत नाही.)

समारंभाआधी पणजोबांचं तोंड धुवावं, म्हणून काल मी बादली आणि ब्रश घेऊन वर चढलो. शिडी समोरच्या सग्डन मटणवाल्याची, त्यामुळे ती धरायला तोही आला. शंभरेक वर्षांची गिरण्यांची काजळी अर्ध्या तासात ओघळून त्याच्या पांढऱ्या एप्रनवर गेली. पणजोबांच्या गालांवरचे ते भरघोस कुरळे कल्ले (आपल्या सगळ्यांना ज्यांचा अभिमान) धुता धुता कानामागे गेले, तिथून एक वळसा घेऊन पुन्हा पुढे आले. मी थांबलो.

“गिल्बर्ट, थांबू नकोस,” सग्डन खालून म्हणाला. “मेंढाच आहे तो.”

“दगड झिजलाय, म्हणून तसं दिसतंय,” मी म्हणालो.

“पस्तीस वर्षं मेंढे कापतोय लेका, मला शिकवतोस? मस्त जनावर आहे. तुझ्या पणजोबांपेक्षा तर नक्कीच देखणं!”

लोकरीच्या व्यापाऱ्यांनी काढलेली बँक. दारावर मेंढा नाही तर काय असणार? हे मला पाटी ओतून झाल्यावर सुचलं. बाबांनी युद्धावर जाताना त्याला टोपी काढली, परत आल्यावर काढली, आईची शवपेटी चौकातून नेतानाही काढली. तरीही सत्य ते सत्य. शनिवारी सर्वांसमोर चूक कबूल करून मी चिटणीसपदाचा राजीनामा देणार आहे. बाबांना आज सांगणार होतो. चहाच्या वेळी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात बिस्किट घातलं.

तुझा,
गिल्बर्ट

ता. क. पाटीची जागा मोजायला आज बँकेच्या वरच्या मजल्यावर, तुमच्या जुन्या घरात गेलो होतो. बाबांची खोली मागे अंगणाकडे, तुझी बरोबर दारावर. तुझ्या खिडकीतून वाकलं की शिंगं थेट हाताखाली येतात. कितीही काजळी असली तरी ओळखू येतील. तू तिथे अठरा वर्षं राहिलीस आणि बाबांना एका अक्षरानेही बोलली नाहीस. यावर मी रात्रभर विचार करणार आहे.

ता. क. २. केला. राजीनाम्याचं पुढे बघू. इथे सगळीकडे गॅस आला. तुझ्या दिवाणखान्यात मात्र अजून कोळसा जळतो. शनिवारी येताना चिमणीतली काजळी मुरंब्याच्या बरणीत भरून आण. शुक्रवारीच आलीस तर उत्तम. सग्डनने शिडी द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं कबूल केलंय.

ता. क. ३. दोन बरण्या आण. शिंगं मोठी आहेत.