दुर्बिणीसाठी नवी जागा

सेलू, ५ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप अक्कांस सविनय नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होते. आईचा खोकला कसा आहे?

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दिव्यांपासून दूर, तारे स्वच्छ दिसणारा माळ सापडल्याचे मी केवळ आपणांस कळविले होते. काल तेथे अडत्ये सिद्रामप्पा पुतणीची पत्रिका घेऊन हजर! दुर्बिणीशेजारी पानाची पिंक टाकून म्हणाले, "अक्कांनीच जागा सांगितली. आभाळात काय बघायलाव? खाली बघा की, पोरगी लय गुणाची हाय."

नीलम्मा माझा संसार अर्ध्यावर टाकून देवाघरी गेली, त्याला दोन महिनेही झालेले नाहीत. मला शिसारी आली; त्यांची, आणि क्षमा असावी, आपलीही.

मी दुसरी जागा शोधली आहे. तेथून आकाश अधिक चांगले दिसते. ती कोठे आहे, हे आपणांस कळविणार नाही.

आपला धाकटा भाऊ,
मल्लिकार्जुन