हवा कापणारं मशीन

उस्ताद, तुमच्या मशीनला आता पुस्तकात जागा मिळाली आहे. माझी नात सांगवीला राहते, कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकते. तिच्या एका जाड पुस्तकात आपोआप चालणाऱ्या यंत्रांचा विचार केला आहे. खऱ्या लोखंडाच्या नव्हे, कागदावरच्या. गोल काढायचे, एका गोलातून दुसऱ्याकडे बाण काढायचे. या गोलात असताना अमुक आलं की त्या गोलात जा, तमुक आलं की आहेस तिथंच राहा. झालं यंत्र. ना तेल, ना कीस, ना आवाज. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण छापलेलं दिसलं की भज्याचा कागदसुद्धा उलटून बघणार, हे तुम्हाला माहीतच आहे. पुस्तक मागून आणलं आणि इंग्रजी अडलं की मोबाइलला विचारत, ठेचकाळत वाचलं. वाचायला वेळ भरपूर आहे. तुम्ही जिला सूनबाई म्हणायचात ती माझी बायको गेली. चिंचवडच्या घरात मी एकटा असतो. मुलगी म्हणत होती, बाबा, हे घर बंद करा आणि सांगवीला या. रविवारी येईन तेव्हा काय ते सांगा, टाळाटाळ नको. विचार करायला बसलो की डोळ्यांपुढं तळवड्याच्या कारखान्यातली आपली शेडच यायची.

कोपऱ्यातलं ते ऑटोमॅटिक लेथ. मागच्या नळीतून लांब सळई आत सरकते आहे, आपण तिला बार म्हणायचो. खाली कॅम फिरताहेत, उंचसखल कडांच्या त्या पोलादी चकत्या. कड जशी घासलेली, तशी हत्यारं पुढं येणार: भोक पाड, आटे पाड, कापून टाक, एक जॉब तयार, बार पुढं घे, पुन्हा पहिल्यापासून. त्या कडा तुम्ही कानशीनं घासायचात, मधूनच डोळे मिटून अंगठा फिरवायचात. मला पहिल्यांदा एकट्याला मशीनवर उभं केलंत तो दिवस आठवतो. मी हात पाठीमागं बांधून साहेबासारखा बघत उभा आहे. हत्यारं कशी शिस्तीत येतात नि जातात, माझी छाती फुगलेली. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाहून तुमचा आवाज.

"ओ साहेब! काय बघताय?"

"मशीन बघतोय उस्ताद. एकदम झकास चाललंय."

"झकास? बार कवाच संपलाय. हवा कापतंय ते. हवेचे जॉब कोन घेनार, तुजा सासरा?"

अख्खी शेड हसली. माझं लग्नही व्हायचं होतं तेव्हा. मग तुम्ही जवळ आलात, मशीन थांबवलंत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "त्याला न्हाई कळत रं. कॅममंदी जेवढं हाय तेवढं ते करनार. बार असो नसो, त्याला काय सुतक न्हाई. कान तू ठेवायचा. नळी खडखडते तवर बार हाय. नळी गप झाली की समज."

त्यानंतर नळीचा खडखडाट माझ्या कानात जो बसला तो बसलाच. घरी पडल्या पडल्यासुद्धा ऐकू यायचा.

नातीनं पुस्तकातलं जे समजावलं ते तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. म्हणाली, "आजोबा, या यंत्राला मागचं काही आठवत नाही. इथवर कसं आलं, ते त्याला माहीत नाही. आत्ता कुठल्या गोलात आहे, एवढंच." मग एक गोल काढला, त्यातले सगळे बाण वळून त्याच्यावरच परत. "हा सापळा. यात शिरलं की बाहेर वाट नाही, काहीही येवो. तुमच्यासारखं. चहा, पेपर, स्टेशनपर्यंत चक्कर, परत चहा." पोरीची जीभ आजीवर गेली आहे. मी हसलो, पण ते लागलं. पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. पूर्वी एका परदेशी पंडितानं जनावरांना घड्याळासारखी यंत्रं ठरवलं होतं, आत मन वगैरे काही नाही म्हणे. तो कधी गोठ्यात उभा राहिला नसावा. पण मग मनात आलं, बाहेरून मला बघणारा काय म्हणेल?

कारण सांगतो, उस्ताद. मी सकाळी उठतो, पातेल्यात दोन कप पाणी टाकतो, आलं किसतो, दोन कप मांडतो. दोन्ही भरतो. मग एक पितो. दुसऱ्यावर साय धरते आणि तो मोरीत जातो. ती गेली हे मला माहीत नाही का? खांदा मीच दिला. पण हात ऐकत नाही. घरातली नळी कधीच गप झाली आहे. तिचं भांडी आपटणं नाही, शेजारणीला हाका मारणं नाही, माझ्यावर खेकसणं नाही. आणि मी आपला शिस्तीत हवा कापतो आहे.

तेव्हा तुमचा शीरखुर्मा आठवला. तुमची बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या ईदचा. तुम्ही एवढं थोरलं पातेलं डोक्यावर घेऊन शेडमध्ये आलात. दूध खाली लागलेलं, साखर दुप्पट. कुणीतरी विचारलं, उस्ताद, घरात एकटे, एवढा कशाला केलात? तुम्ही म्हणालात, "ती करायची तेवढाच केला. हाताला कमी करता येईना." मी तरुण होतो, जीभ सैल होती. म्हणालो, "उस्ताद, आता कॅम बदला." तुम्ही रागावला नाहीत. डाव माझ्या वाटीत रिकामा केलात आणि म्हणालात, "कॅम बदलायचा तर मशीन बंद करावं लागतं. जुनं मशीन बंद केलं नि पुन्ना चालूच झालं न्हाई, तर?" मग सगळ्यांवर ओरडलात, "खावा की! बघत काय बसलाय!" करपलेला होता तरी आम्ही पातेलं चाटूनपुसून खाल्लं. त्या दिवशी तुमचं मशीन हवा कापत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांनी कळतंय. घेणारे होते.

काल रविवार होता. दोघी सकाळीच आल्या, चहा माझ्या पुढ्यात असतानाच. मुलीनं ओट्यावर दोन कप पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. नातीनं सरळ विचारलं. "हा कुणाचा?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. बोटानं साय बाजूला केली, कप तोंडाला लावला. "गार झालाय. पण आलं मस्त आहे, आजीसारखं." आणि खिडकीत जाऊन पीत बसली, पाय हलवत.

उस्ताद, त्या क्षणी मागं कुठंतरी नळी खडखडली. मी मुलीला म्हटलं, "येतो मी सांगवीला." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच कामाचं बोलू लागली, "बरं झालं. तिकडे लिफ्ट आहे, तुमचे गुडघे किती दुखतात." मी म्हटलं, "हो ना. गुडघ्यांसाठीच."

आता सामान बांधायला काढलं आहे आणि त्या पसाऱ्यात बसून हे लिहितो आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमची अक्षरओळख बेताची, जेवणाच्या सुट्टीत पेपर मीच वाचून दाखवायचो. तेव्हा पत्र पोचलं तरी वाचायला मलाच तिकडं वर यावं लागेल, आणि आता मला तेवढी घाई नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू होतं का, ते आधी बघतो.

एवढंच की मुलीला सांगू नका. गुडघे ठीक आहेत माझे. आज सकाळी हट्टानं एकाच कपाचा चहा करून पाहिला, तो कडूजहर झाला. एका कपाचं माप मला येत नाही.