वडगाव रासाईचा पेशंट वहीत का सापडत नाही

न्हावरे, ता. शिरूर
१९ ऑगस्ट २००२

आदरणीय पोपटराव यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींचा दमा या ढगाळ हवेत कसा आहे, ते सविस्तर कळवावे. नुसते 'बरे आहे' असे मोघम लिहू नये. चाळीस वर्षे डॉक्टरकी केल्यावर मोघम उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. इकडे मी बरा आहे. (हेही मोघमच आहे, पण तूर्त चालवून घ्यावे.)

अंजनाला जाऊन आठ महिने होत आले. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमच्याने ते वाचवणार नाही. म्हणून सरळ कामाचे लिहितो. काम चौकशीचे आहे. तुम्ही दौंडहून माझ्याकडे पाठवलेल्या डॉ. राजश्रीबद्दल मला संशय आहे, आणि थोडा तुमच्याबद्दलही आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी दवाखाना बंद केला तेव्हा तुम्हीच म्हणालात की रेल्वेतल्या तुमच्या सहकाऱ्याची मुलगी नुकतीच डॉक्टर झाली आहे, तिला सहा महिने माझ्या दवाखान्यात बसू द्यावे आणि पसंत पडली तर दवाखाना तिच्या हवाली करावा. ते सहा महिने या महिनाअखेर संपतात. पाटीवर माझे नाव आहे म्हणून लोक तिच्यापुढे निमूट जीभ काढतात. उद्या मी तिला पुढे केले आणि ती खोटी निघाली, तर तो खोटेपणा माझा. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

आमच्या शिक्षणात 'केस मांडणे' म्हणून एक प्रकार असे. पेशंटचे नाव न घेता त्याचे वय, तक्रार, तक्रार कधीपासून, हे सगळे सरांपुढे उभ्याने सांगायचे, आणि मग सर प्रश्न विचारून आपली सालपटे काढायचे. मी एकदा अशक्त म्हाताऱ्याला रोज मूठभर फुटाणे खायला सांगितले. सरांनी विचारले, दात किती आहेत? मी पाहिलेच नव्हते. एकही नव्हता. मला आठवडाभर वॉर्डच्या दाराबाहेर उभे केले आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे दात मोजायला लावले. तेव्हाच ठरवले होते की माझ्या हाताखाली कोणी शिकाऊ आले तर त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला चहा द्यायचा, बाकी शिकवणे नंतर. (शिकाऊ डॉक्टर आला तो मी निवृत्त झाल्यावर. असो.) म्हणून राजश्रीला सांगितले होते की रोज दवाखाना आटोपला की घरी यायचे, चहा घ्यायचा आणि बसून एक केस मांडायची. मुलगी हुशार आहे. दातांचे विचारते. पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती.

आमच्या वर्गात एकाने पेशंट न तपासताच मनाने रचून केस मांडली होती. सर म्हणाले, चल, खाट दाखव. त्याने आम्हा सगळ्यांना वॉर्डभर फिरवले आणि शेवटी एका रिकाम्या खाटेपाशी थांबून सांगितले की आत्ताच घरी सोडले. त्याचे वर्ष गेले. हे सांगायचे कारण, जुलैत राजश्रीने एक केस आणली. वडगाव रासाईचे एक आबा, वय सदुसष्ट, सात महिन्यांपूर्वी बायको वारली. अर्धी भाकरी खातात, उरलेली कुत्र्याला घालतात. पहाटे तीनला जागे. पट्टा दोन भोके आत गेला आहे. काय होते विचारले की म्हणतात, काही नाही. सकाळी चहा करतात तो दोन कपांत ओततात आणि एक कप मोरीत रिकामा करतात.

मी म्हणालो, आधी रक्तातली साखर बघ. वजन उतरले की सगळे दुःखावर ढकलायचे नाही. बाकी, दर सोमवारी वजन कर, एकटे जेवू देऊ नको, आणि कशात तरी गुंतव. तिने वहीत लिहून घेतले. दुसऱ्याच दिवशी ती डबा घेऊन माझ्याकडे जेवायला आली. दवाखान्यात उंदीर झालेत, म्हणाली. मी सापळा लावला. आठ दिवस सापळ्यातली भाकरी तशीच. सोमवारी म्हणाली, सर, काटा बिघडलाय वाटतं, जरा उभे राहून बघा. मी उभा राहिलो. आकडा बघून मलाही काटा बिघडल्याची खात्री पटली. (हे ध्यानात ठेवावे.) मग बीपीचे नवे मशीन आणले, त्याची परीक्षा माझ्या दंडावर. मग जुन्या पेशंटचे कागद लावून द्यायला मला रोज अकरा वाजता बोलावू लागली. आणि रोज संध्याकाळी आबांची चौकशी माझ्याकडेच. ते आज किती जेवले असतील सर, तुम्हाला काय वाटतं? अहो, मला काय वाटायचे? पेशंट तिचा.

तेव्हा मी पेशंटची वही काढली. वडगाव रासाईचा सदुसष्ट वर्षांचा एकही पुरुष नाही. जुलैत नाही, जूनमध्ये नाही. मला वॉर्डातली ती रिकामी खाट आठवली. पेशंट रचणाऱ्या मुलीच्या हाती मी दवाखाना देणार नव्हतो. पण न बघता आरोपही करणार नव्हतो. बुधवारी शिरूरला काम आहे असे तिला सांगून मी वडगाव रासाईची एसटी धरली.

स्टँडवर चौकशी केली की इथे बायको वारलेले, जेवण सुटलेले कोणी आबा आहेत का. पानवाल्याने चांगदेव आबांकडे धाडले. मला बघून अख्खी आळी गोळा झाली. आण्णा डॉक्टर पुन्हा सुरू झाले अशी बातमी माझ्या आधी पोचली होती. तीन पोरांचे घसे आणि एका म्हशीचे सड बघितल्यावर मला चांगदेव आबांपाशी सोडले. मी त्यांना हळूच विचारले, जेवण जात नाही म्हणे.

"कोन म्हनतं?" आबा म्हणाले. "सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सूनबाई, सांग गं डाक्टरला."

"तीन," सून आतून म्हणाली.

"आन् बायकू वारली त्याला सोळा वर्सं झाली. आता कशाला उपाशी ऱ्हाऊ?" मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "डाक्टर, तुमचीच प्यांट गोळा झालीया की कमरंला. पट्टा कितव्या भोकात हाय?"

मी खाली बघितले. पुढचे सांगायला नको. सुनेने ताट वाढले आणि आबा मी उठून जाऊ नये म्हणून उंबऱ्यात बसले. परतीच्या एसटीत मी सगळ्या गोष्टी क्रमाने लावल्या. उंदीर, काटा, मशीन, अकरा वाजताचे कागद. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि पेशंट कोण हे कळायला मला तिकीट काढून जावे लागले.

मला राग आला होता. घरी आलो तर ती आलेलीच होती. मी काही दाखवले नाही. तिने आबांची केस उघडली. मी विचारले, त्या आबांना हे सगळे कळले तर? ती म्हणाली, "कळेल सर. पण ते डॉक्टरसारखे हट्टी आहेत, वेळ लागेल." मग मी म्हणालो, तुझी एक चूक झाली आहे. साखर बघायला पहिल्या दिवशी सांगितले होते, ती अजून झाली नाही. त्यावर तिने खाली बघितले आणि पिशवीतून सुई काढली. ती तीन आठवडे पिशवीतच होती. "रक्त तेवढं फसवून काढता येत नाही सर," असे म्हणाली. मी बाही वर केली. रिपोर्ट आला आहे. आकडा तुम्हाला सांगत नाही. गोळ्या सुरू केल्या आहेत.

आता मुद्द्यावर येतो. मोरीत ओतलेला चहा कोणी पाहिला? अंजनाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर माझ्याकडे चार दिवस राहिलात ते फक्त तुम्ही. त्या मुलीला इथे शिकायला पाठवले की माझ्यावर नजर ठेवायला, याचे लेखी उत्तर द्यावे. तोवर दवाखान्याबाबतचा माझा निर्णय राखून ठेवला आहे, आणि तुमच्या दोघांविषयीचा संशय कायम आहे.

वहिनींना जयभीम सांगावा.

तुमचा,
आण्णा

ता.क. दवाखान्याच्या किल्ल्या काल राजश्रीला दिल्या. रंगारी आज पाटी घेऊन गेला. तिचे नाव वर, माझे खाली, असे सांगितले आहे. ती उलटे सांगून आली असावी असा संशय आहे, म्हणून उद्या स्वतः जाऊन बघणार आहे.

ता.क. २. हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच द्यावे लागत आहे. पाकिटाच्या जोडावर सही केली आहे. सही तुटलेली असेल तर कळवा.

ता.क. ३. खरे काम राहिलेच. अंजनाचे कपाट मी अजून उघडलेले नाही. परवा बोलण्याच्या ओघात मी राजश्रीला सांगून बसलो की अशा पेशंटला ते एकट्याने उघडू देऊ नये, बायकोच्या माहेरचे कोणी जवळ असावे. ती म्हणाली, "मग सर, आबांना त्यांच्या मेहुण्यांना पत्र लिहायला सांगते." तेच हे पत्र. रविवारी या.