सूड आणि शेंगापोळी

२५ मे, रविवार

लग्नाला चार दिवस झाले. आज जेजुरी. रीत अशी की नवऱ्यानं नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. सागरनं उचललं. पहिली पायरी बरी झाली, दुसरीवर त्याचे हात थरथरायला लागले, तिसरीवर मला खाली ठेवलं. ठेवलं कसलं, सोडलंच. वर वळून सगळ्यांना म्हणाला, "बायको न्हाय बे, ज्वारीचं पोतं हाय!"

सगळे हसले. नातेवाईक हसणारच. पण तोही हसला. मी अजून भंडारा झटकत उठत होते, हात द्यायचा सोडून हसला.

लिहून ठेवते. तशीही विसरणार नाहीच.

२८ मे

सोलापूर. ऊन मरणाचं. नणंदबाई वनिता पुण्यात असतात, तिथून त्यांनी पायरीवरचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारी पिवळी तोंडं. त्यात एक सागरचं. माझ्या शेजारी बसून टाकलं त्यानं.

आत्या (सासूबाई) देवापुढं बसून म्हणाल्या, "पाच पायऱ्या झाल्या न्हाईत. देव अर्धा ऱ्हायला. चंपाषष्ठीला पुन्यांदा जायचं. तवर जरा उतरा सूनबाई."

मी का उतरू? मी धडधाकट आहे. त्याचे दंड बघा की कुणीतरी. सकाळी चहा-खारी, दुकानात गेल्यावर चहा-खारी, दुपारी भजी, संध्याकाळी छातीवर मोबाईल ठेवून आडवा. दुखणं मांडीला, मलम शेंडीला.

५ जून

वनितावन्संनी डाएट पाठवलं. लिंबू-मध, काकडी, ओट्स, ग्रीन टी, रात्री काही नाही. खाली लिहिलंय, "वहिनी, रागावू नका हं, तुमच्या भल्यासाठीच."

भल्यासाठीच.

९ जून

केलं डाएट. मुकाट्यानं केलं. आज ऑफिसचा जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी, कठडा धरून बसले. साहेब म्हणाले, गोड बातमी का? मेले सगळे.

घरी येऊन रडले. मग रडल्याचा राग आला. बारीक होऊन याच्या हातात अलगद बसायचं, म्हणजे हा पुन्हा मर्द. नाही जमणार.

१२ जून

ऑफिसमागच्या गल्लीत बायकांची जिम आहे. तिथल्या पद्मा अक्का. मूळ विणकरांच्या घरातल्या, फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकडी खाऊन कुणाला मारणार गं तू?"

म्हणे पोटभर जेव, पण नीट. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं, दही यातलं काहीतरी हवंच. चहातली साखर निम्मी कर. रात्रीचं लवकर जेव, जेवून चालून ये. झोप चोरू नको. आणि वजनं उचलायची. गुलाबी डंबेल नाहीत, लोखंडी.

पहिल्यांदा कुणीतरी मला जेव म्हणालं या घरात आल्यापासून. म्हणजे घरात नाहीच, जिममध्ये.

२९ जून

अंग असं दुखतंय की केस विंचरायला हात वर जात नाही. तरी मजा. नुसता पाव-बटर बंद. सकाळी मोडाची मटकी नाहीतर अंडी, दुपारी भाकरी-भाजी आणि ताक, रोज जिना, संध्याकाळी तळ्याच्या कडेनं फेरी. काट्यावर फरक नाही. आत्या रोज विचारतात, "उतरलं का?" मी म्हणते, "उतरतंय की."

१३ जुलै, रविवार

चातुर्मास लागला. घरात कांदा-लसूण-वांगं बंद, ते आता चंपाषष्ठीच्या भरताबरोबरच. शिवाय मला खंडोबाचे रविवार धरायला लावलेत. आज उपास म्हणून दोनदा साबुदाणा खिचडी हाणली, वरून वेफर्स, आणि तशीच जिमला गेले. बार निम्म्यातच सोडून दिला. अक्का म्हणाल्या, "हा उपास का पोटावर अत्याचार? उपासाला दही, राजगिरा, शेंगदाणे, फळं खा की."

देवाला तरी काय पडलीय साबुदाण्याची. आपल्याच जिभेला लाड हवेत आणि नाव देवाचं.

३ ऑगस्ट

श्रावण, घरात अंडी बंद. अक्का म्हणाल्या हुलगे आहेत की. मग हुलग्याचं माडगं केलं, कढीसारखं पातळ. सागरनं वास घेऊन तोंड वाकडं केलं, "हे घोड्याचं खाणं हाय, मला दुसरं कायतरी दे."

देते की राजा. तुला दुसरंच देते.

आजपासून त्याला शेंगापोळी, दाण्याचं कूट आणि गूळ भरलेली. तूप सोडून. सोबत दाट दूध. डब्यात दोन जास्तीच्या, दुकानातल्यांसाठी म्हणून. तो एकटाच खातो हे मला ठाऊक आहे. खा. चंपाषष्ठीला मी तेवढीच असेन आणि तुला स्वतःचं पोट उचलणं अवघड होईल. मग बघू पोतं कोण ते.

१७ ऑगस्ट

आत्या शेजारणीला सांगत होत्या, "लई माया करती नवऱ्यावर. रोज गोडाधोडाचं." मी आत पोळी लाटत होते. हसू दाबताना शेंगदाण्याचं कूट नाकात गेलं.

सागरची पँट लागेना. म्हणाला धुण्यात आटली.

७ सप्टेंबर

पाण्याचा जार आज एकटीनं उचलून टाकीवर पालथा केला. नेहमी सागर आणि शेजारचे काका मिळून करतात. आत्यांनी पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "पाट लचकंल की."

लचकली नाही. आणि तिथंच, जार ठेवता ठेवता, डोक्यात आलं. त्यानं मला उचलायचं कशाला? मी उचलते की त्याला. पाचही पायऱ्या. वनितावन्सं व्हिडिओ काढतीलच, टाका म्हणावं ग्रुपवर.

दिवसभर तोंडात साखर ठेवल्यासारखं वाटत होतं. शप्पथ, साखर निम्मी केल्यापासून एवढं गोड काही लागलं नव्हतं.

१० सप्टेंबर

अक्कांना सांगितलं. त्या खुर्चीवरून पडायच्या राहिल्या हसून. मग एकदम गंभीर. "वजन किती त्याचं?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

"वाढलंय?"

वाढलंय अक्का. मीच वाढवलंय. तूप सोडून सोडून, जातीनं. अशी अक्कल कुणाची चालली असेल का? आधी दगड मोठा करायचा आणि मग डोक्यावर घ्यायचा.

शेंगापोळी बंद करायला हवी.

१४ सप्टेंबर

बंद केली. दोन दिवस तोंड पाडून बसला. आज आत्या स्वतः लाटायला बसल्या, "लेकराला सवय लागली की." झालं. आता माझा सूड माझ्या सासूच्या हातात गेला.

५ ऑक्टोबर

मग मीच वाढवते, माझी ताकद. अक्का आता पोती भरून देतात, वाळूची. छातीशी धरायची, बसून उठायचं, चालायचं. एक दिवस आड. मधल्या दिवशी विश्रांती, नाहीतर अक्का दारातूनच हाकलतात. रोज रोज झिजून काही होत नाही, अंग भरतं ते झोपेत, म्हणतात.

पोतं उचलताना त्याचं तोंड डोळ्यांपुढं आणते. मग ते हलकं होतं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. वनितावन्सं आल्यात. माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "वहिनी, बारीक नाही झालात, पण... काय करताय तुम्ही?" मी म्हटलं, तुमचंच डाएट. चकली एक खाल्ली, माझ्याच बोलण्याची चव घेत घेत.

सागर करंज्यांच्या डब्याशी. मधेच दंडाकडं बघून गेला.

९ नोव्हेंबर, रविवार

फेरीवरून आले तर स्वयंपाकघरात धडपड. दार लोटलं. सागर भरलेला सिलेंडर कवेत घेऊन उभा राहायला बघत होता. तोंड लाल, गुडघे वाकडे. मला पाहिलं आणि सिलेंडर सोडला. फरशी फुटली, त्याच्या कंबरेत उसण भरली.

"काय करत होतात?"

"सराव."

"कधीपासून?"

"महिना झाला. तू फिरायला गेल्यावर." भिंतीला टेकून बसला होता. "होत न्हाय गं. त्या दिवशीबी मला म्हाईत होतं, होणार न्हाय. पायरी चढायच्या आधीच म्हाईत होतं."

म्हाईत होतं. म्हणजे आधीच ठरवलं होतं पाडताना मला पोतं म्हणायचं.

गरम पाण्याची पिशवी दिली. नीट, टॉवेलात गुंडाळून. मला त्याची कीव आली त्याचाच राग येतोय.

१५ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. घरात सुतक असल्यासारखी शांतता. आत्या देवघरात. "आता कसं करायचं रं देवा. अर्धाच ऱ्हाणार का?"

मी दारात उभी होते. म्हटलं, "मी उचलते यांना."

एवढे महिने ज्या वाक्याची उजळणी केली ते असं साधंच निघालं. आत्यांनी मला पायापासून वर डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, "पदर घट खोचून घे मग. पायात आला तर दोगं पडचाल."

आणि वर, "आमच्या येळंला असं म्हणायचं कुणाला सुचलं न्हाई."

१६ नोव्हेंबर

सागरला आत्यांनीच सांगितलं. तो दिवसभर दुकानातून आला नाही. आल्यावर जेवला. भाकरी, उसळ, ताक. मी जेवते तेच जेवण, न कुरकुरता. मग म्हणाला, "उचल. माझी ना न्हाय. मी थोडं कमी खातो तवर."

असा कसा तयार झाला हा? नाही म्हणायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. राजीखुशीनं खांद्यावर बसलेल्या माणसावर सूड कसा घ्यायचा?

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ

जेजुरी. उद्या चंपाषष्ठी. लॉजच्या खिडकीतून गड दिसतोय, वर दिवे. वनितावन्सं आल्या, मोबाईल चार्जिंगला लावून बसल्यात. आत्या वांगी भाजायला कुठं मिळतील ते विचारत फिरतायत.

सागर आत्ता शेजारी येऊन बसला. "पाडणार न्हाईस ना?"

"तुम्ही मला पाडलंत ना?"

तो खिडकीच्या गजाशी चाळा करत बसला. मी म्हटलं, "पोतं कशाला म्हणालात?"

त्याचं तोंड उघडलं. त्याच वेळी आत्यांनी हाक मारली, आणि तो उठून गेला. धावतच गेला. बोलावणं आल्याचा त्याला आनंद झाला हे मला पाठीवरूनच कळलं.

मला फार काही नको होतं, अगदी मेपासून. एकदा म्हणायला हवं होतं, चुकलं. सगळ्यांपुढं नाही तर नाही, इथं खिडकीत म्हटलं असतं तरी मी उद्या त्याचा हात धरून चालत चढले असते आणि देवाला काय सांगायचं ते सांगितलं असतं.

आता उद्या. उचलणार मी नक्की, तेवढी ताकद आहे. पाच पायऱ्या आहेत. चार पायऱ्या चढेपर्यंत त्याचं तोंड माझ्या कानाशी असेल, एवढं जवळ की नुसतं पुटपुटला तरी ऐकू येईल. पाचव्या पायरीवर त्याला कसं ठेवायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.